दारात येणारी ती दोन मिशनरी पोरं: त्यांना जेवायला बोलावलं तर चालतं का?

सई_आइची:

नमस्कार मंडळी, धागा योग्य विभागात टाकलाय की नाही माहीत नाही, अ‍ॅडमिनने हलवला तरी चालेल.

आम्ही जपानमध्ये आइची प्रीफेक्चरला राहतो, नागोयाहून ट्रेनने जवळच, नवरा ऑटोमोबाइलवाला (इथले निम्मे देशी तेच). तर आमच्या भागात दोन अमेरिकन पोरं सायकलवरून हिंडत असतात. पांढरा शर्ट, टाय, खिशाला काळी पाटी, डोक्यावर हेल्मेट, पाठीला सॅक, आणि हे सगळं भर ऑगस्टमध्ये, जेव्हा इथे सकाळी आठला बाल्कनीत कपडे वाळत घालताना आपला जीव जातो. वय म्हणाल तर एकोणीस-वीस, मिसरूड पण नीट फुटलेलं नाही एकाला. मागे आमच्या बिल्डिंगमध्ये आले होते, इंटरफोनवर इतकं सफाईदार जपानी की मला वाटलं पार्सल आलं, दार उघडलं तर हे दोघं. मी आपलं आधीच सांगून टाकलं की बाबांनो आम्ही हिंदू आहोत आणि तसेच राहणार आहोत. तर म्हणे काही हरकत नाही, सामान हलवायचं असेल, काही उचलायचं असेल तर सांगा, आणि फुकट इंग्लिश क्लासचं पत्रक देऊन दोनदा वाकून नमस्कार करून गेले.

आता ग्योमु सुपरमध्ये (इथलं स्वस्तातलं किराणा दुकान) सोमवारी हमखास भेटतात, टीशर्टवर असतात तेव्हा. परवा एक जण मसुराचं पाकीट उलटंपालटं करून बघत होता, मला विचारतो हे भिजवायला लागतं का. दुसरा अर्ध्या किमतीचा स्टिकर लावलेला पाव बास्केटमध्ये भरत होता. मला एकदम माझा धाकटा भाऊ आठवला, हॉस्टेलला असताना मॅगीत अंडं फोडून खायचा त्याला तो 'प्रोटीन' म्हणायचा.

तर प्रश्न असा की यांना एकदा जेवायला बोलवावं असं फार मनात आहे, पण त्यांचे म्हणे बरेच नियम असतात. काय चालतं काय नाही? आणि एकूणच ही पोरं दिवसभर करतात काय, पैसे कोण देतं, आईबाप काळजी करत नाहीत का? कुणाला आतली माहिती असेल तर सांगा. 'दार उघडूच नये' टाइप सल्ले पण चालतील, पण जरा सौम्य शब्दात.


युटाचा_घाटी:

सई ताई, बरोब्बर माणूस गाठलात. मी अमेरिकेत युटामध्ये लीहायला राहतो, सॉल्ट लेक सिटीच्या खाली, आमच्या ऑफिसातले निम्मे लोक असं 'मिशन' करून आलेले आहेत. लंचला बसलं की एखादा गोरापान सहा फुटी माणूस टागालोग (फिलिपिन्सची भाषा) किंवा पोर्तुगीज झाडायला लागतो, सुरुवातीला मी गार पडायचो. माझ्या टीममधलाच एक जण साप्पोरोला होता, त्यामुळे जपानचं बरंच ऐकलंय.

तुम्ही सांगताय ते वर्णन चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्सचं. लोक मॉर्मन म्हणतात, पण २०१८ पासून त्यांच्या प्रमुखांनीच सांगितलंय की पूर्ण नाव वापरा, तेव्हा त्यांच्यासमोर मॉर्मन म्हणू नका, चिडणार नाहीत पण उगाच कशाला. मुलं अठराव्या वर्षापासून जाऊ शकतात, दोन वर्षांसाठी, मुलींचं दीड वर्षाचं असतं. २०१२ च्या आधी मुलांना एकोणीस आणि मुलींना एकवीस लागायचं, वय खाली आणल्यावर एकदम लोंढा आला, विशेषतः मुलींचा. आत्ता जगभर सत्तर हजाराच्या वर अशी पोरंपोरी फिरतायत. कुठे जायचं ते स्वतः ठरवता येत नाही. अर्ज करायचा आणि वाट बघायची. पत्र आलं की इथे घरात अख्खं खानदान जमतं, आज्जी व्हिडिओ कॉलवर, नकाशावर आधी सगळ्यांनी अंदाज लावायचे आणि मग पोराने मोठ्याने वाचायचं. कुणाला टोकियो निघतं, कुणाला शेजारचं आयडाहो. आयडाहोवाल्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

मग इथल्याच प्रोव्हो गावच्या ट्रेनिंग सेंटरला भाषा. तिथे पन्नासच्या वर भाषा शिकवतात, जपानीला नऊ आठवड्यांच्या आसपास, हल्ली त्यातलं सुरुवातीचं घरूनच ऑनलाइन करतात. नऊ आठवड्यांत काय डोंबल जपानी येणार, पण प्रार्थना करता येते आणि 'दोन मिनिटं वेळ आहे का' विचारता येतं, बाकी रस्त्यावर शिका. आमचा साप्पोरोवाला म्हणतो पहिले काही महिने त्याला समोरचा माणूस 'नको' म्हणतोय हेच कळायचं नाही, कारण जपानी माणूस तोंडावर नको म्हणतच नाही, तो आपला 'केक्को देस' (ठीक आहे, राहू दे) म्हणून हसून दार लोटतो, आणि हा त्याच्या हसण्याने खूश.

दिवस म्हणाल तर साडेसहाला उठायचं, अर्धा तास व्यायाम, आंघोळ, नाश्ता, मग वाचन, मग जोडीदाराबरोबर अभ्यास, मग भाषा, दहाच्या सुमारास बाहेर. रात्री नऊ-साडेनऊला परत, उद्याचं प्लॅनिंग, साडेदहाला दिवे बंद. २०१७ नंतर वेळापत्रक थोडं सैल केलंय, देशाप्रमाणे बदलतं, पण सांगाडा तोच. टीव्ही नाही, सिनेमे नाहीत, डेटिंग नाही, फोन असतो पण ठराविक अ‍ॅप्सपुरता. सोमवारी तुम्हाला ते टीशर्टवर दिसतात ना, तो त्यांचा 'पी-डे', म्हणजे प्रिपरेशन डे, कपडे धुणे, केस कापणे, किराणा, घरी बोलणे सगळं त्या दिवशी, आणि संध्याकाळी सहाला पुन्हा टाय लावून कामाला.

सगळ्यात अवघड काय असतं ते सांगतो, तो जोडीदार. कायम दोघांनी एकत्र राहायचं, एक जण दिसेनासा होता कामा नये, बाथरूम सोडून. जोडीदार निवडता येत नाही, आणि दर सहा आठवड्यांनी बदल्यांची यादी निघते तेव्हा तो राहतो किंवा जातो, किंवा तुम्हीच दुसऱ्या गावाला जाता. आमच्या पठ्ठ्याला एक जोडीदार असा मिळाला होता जो चमचा चाटून परत जॅमच्या बाटलीत घालायचा. सांगताना पंधरा वर्षांनी सुद्धा त्याचा आवाज चढतो! बाकी थंडी, बर्फ, लोकांचे नकार, त्याबद्दल तो काहीही बोलत नाही.

पैशाचं म्हणजे पगार शून्य, उलट स्वतःच भरायचे. अमेरिकेतल्या पोरांना महिना ४०० डॉलर होते ते जुलै २०२० पासून ५०० झाले. स्वस्त देशात जा नाहीतर महागड्या, सगळ्यांना तेवढेच, चर्च ते गोळा करून गरजेप्रमाणे वाटतं. इथली पोरं शाळेत असताना लोकांचं गवत कापून, पिझ्झाच्या दुकानात काम करून साठवतात, उरलेले आईबाप घालतात. तिकडे हातात मोजके येन येतात, त्यामुळे तो अर्ध्या किमतीचा पाव.

आणि आईबाप काळजी करतात का तर करतातच हो. पूर्वी घरी फोन वर्षातून दोनदाच, ख्रिसमसला आणि मदर्स डेला, बाकी पत्र किंवा ईमेल. फेब्रुवारी २०१९ पासून आठवड्याला व्हिडिओ कॉल चालतो. माझी शेजारीण सोमवारच्या कॉलसाठी (तिकडचा सोमवार म्हणजे आमचा रविवार संध्याकाळ) कुठलंही आमंत्रण घेत नाही.


तिरकस_आजोबा:

सगळे अगदी गहिवरून गेलेत वाचून. अहो ती पोरं तुमचं सामान हलवायला आलेली नाहीत, माणसं हलवायला आलेली आहेत. फुकट इंग्लिश, फुकट मदत, मग एक पुस्तक, मग रविवारी या, हा क्रम आपण आपल्याकडे बघितलेला आहे. पोरगं गोड आहे म्हणून संस्था गोड होत नाही. जेवायला जरूर बोलवा, अतिथी आहे, पण जेवणानंतर पुस्तक निघालं की काय करायचं ते आधी ठरवून ठेवा. (ह.घ्या., पण अगदीच हलकं नको.)


कोबे_काकू:

आजोबा, तुमचा मुद्दा खोटा नाही, पण जपानात चित्र जरा उलटं आहे बरं का. इथे ख्रिश्चन मिळून सगळे एक टक्क्याच्या आसपास. हे चर्च इथे १९०१ साली आलं, मध्ये १९२४ ला गाशा गुंडाळून गेलं, युद्धानंतर १९४८ ला परत आलं, म्हणजे शंभरी उलटून गेली आणि तरी शेजारच्या माणसाला विचारा, त्याला 'सायकलवाले परदेशी' याच्यापलीकडे काही माहीत नसतं. आणि २०२२ च्या जुलैमध्ये नारा शहरात माजी पंतप्रधान शिंझो आबेंना गोळी घातली, घालणाऱ्याचा राग युनिफिकेशन चर्च नावाच्या पंथावर होता, आईने सगळा पैसा तिथे घातला म्हणून. यांचा आणि त्या चर्चचा काही संबंध नाही, पण तेव्हापासून धर्म हा शब्द दारात काढला तरी लोक बिचकतात, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये देणग्या उकळण्याविरुद्ध कायदा पण झाला. अशा वातावरणात एकोणीस वर्षाच्या पोराने दिवसभर बेल वाजवायच्या.

मी त्यांच्या त्या इंग्लिश क्लासला जायचे. मला इंग्लिश येतं, मी जपानी बायकांशी ओळख व्हावी म्हणून जायचे, घरात बसून वेड लागायची वेळ आली होती. क्लास म्हणजे घडीच्या खुर्च्या, एक व्हाइटबोर्ड, आणि सगळे रिटायर्ड लोक. एक आजोबा तर दर वेळी कारखान्यातला तोच किस्सा इंग्लिशमधून सांगायचे, आणि ती पोरं दर वेळी 'वाव, रिअली?' म्हणायची, न कंटाळता. शेवटी पाच-दहा मिनिटं धर्माचं काहीतरी असायचं, आधी सांगायचे की ज्यांना जायचंय ते जाऊ शकतात. निम्मे जायचे. मी पण जायचे, कुणी कधी अडवलं नाही.

एक मात्र बघितलंय. नवीन आलेलं पोरगं आणि वर्षभर मुरलेलं पोरगं यांच्यात फरक कळतो. नवीन आलेला बेल वाजवायच्या आधी टाय नीट करतो, खोल श्वास घेतो, मुरलेला बेल वाजवता वाजवता जोडीदाराशी कालच्या रामेनबद्दल बोलत असतो. कारण कुणी दार उघडणार नाहीये हे त्याला ठाऊक असतं. माझ्या माहितीतला एक मुलगा दोन वर्षं संपवून गेला, एकाही माणसाचा बाप्तिस्मा झाला नाही त्याच्या हातून. निरोपाला त्या क्लासमधले सगळे म्हातारे आले होते, आणि कारखान्यावाल्या आजोबांनी त्याला स्वतःची जुनी फाउंटन पेन दिली. आता याला यश म्हणायचं की अपयश ते त्यांच्या चर्चलाच माहीत.


पापडी_नाका:

वसईकर आहे, कॅथलिक आहे, त्यामुळे बोलायला हवंच. पहिलं म्हणजे आमच्याकडचे मिशनरी आणि हे यांच्यात मोठा फरक. यांचं दोन वर्षांचं असतं, मग घरी जाऊन कॉलेज, लग्न, नोकरी. आमचा माणूस एकदा फादर होऊन गेला की गेला, तीन-चार वर्षांनी सुट्टीला येतो, तेव्हा लोक म्हणतात अरे किती काळा झाला.

माझा मावसभाऊ टांझानियात आहे. त्याचा दिवस सांगतो. मुख्य चर्च एका गावात आणि भोवती लांब लांब पसरलेली उपकेंद्रं, तिथे मोटरसायकलने जायचं, पावसाळ्यात रस्ता म्हणजे नुसता चिखल, कधी गाडी ढकलत. मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, दोन-अडीच तास चालते कारण लोक गाणं आणि नाच आवरतच नाहीत, आणि अर्पणाच्या वेळी कुणी मका आणतो, कुणी अंडी, कुणी जिवंत कोंबडी, ती पायाशी फडफडत असते आणि हा प्रार्थना म्हणतोय. जेवायला उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, हाताने तोडून पालेभाजीबरोबर खायचा. पहिल्यांदा सुट्टीला आला तेव्हा मावशीने सुकी बोंबलाची चटणी एवढी बांधून दिली की एअरपोर्टला बॅग उघडायला लावली. मलेरिया झाला तर तिकडे सर्दी झाल्यासारखं सांगतात. स्वाहिली शिकताना त्याचे शिक्षक म्हणजे अंगणात खेळणारी पोरं, तो चुकला की ती लोळून हसायची, त्यामुळे लवकर शिकला म्हणतो.

आता दुसरं, जपानचा विषय निघालाच आहे तर. सईताई, तुमच्या त्या पोरांच्या चारशे वर्षं आधी आमच्या वसईचा एक पोरगा जपानात हेच करत होता, गोन्सालो गार्सिया. जन्म वसईचा, साधारण १५५७ चा, बाप पोर्तुगीज, आई इथली. किल्ल्यात जेझुइटांकडे (कॅथलिक धर्मगुरूंचा एक संघ) शिकला, त्यांच्याबरोबर ऐन पोरवयात जपानला गेला आणि जपानी अशी शिकला की भल्याभल्यांना जमली नाही. फ्रान्सिस झेवियर १५४९ ला गोव्याहूनच निघून कागोशिमाला उतरले होते, त्यांना भाषेने किती दमवलं ते वाचलं की या पोराची किंमत कळते. तर एवढं काम करून जेझुइटांनी त्याला आपल्यात घेतलंच नाही. मग हा मकावला जाऊन व्यापारी झाला, चांगला पैसा कमावला, ते सगळं सोडून मनिलाला फ्रान्सिस्कन या दुसऱ्या संघात ब्रदर म्हणून शिरला. १५९३ ला परत जपान, तेव्हाचा जपानचा सत्ताधीश हिदेयोशी, त्याच्या दरबारात दुभाषी. तीन-चार वर्षं बरी गेली, मग वारं फिरलं, ऐन थंडीत क्योटोपासून नागासाकीपर्यंत चालवत नेलं आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला पंचवीस जणांबरोबर क्रूसावर चढवलं. १८६२ ला संत घोषित झाला, भारतात जन्मलेला पहिला. नागासाकीला निशिझाका टेकडीवर सव्वीस जणांचं स्मारक आहे, १९६२ साली बांधलेलं, तिथे जाल तेव्हा आमच्या गाववाल्याला शोधा.

सांगायचं कारण, वसईत त्याच्या मरणाची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, पण मला नेहमी वाटतं की त्याचं मधलं आयुष्य कुणी सांगत नाही. रोज सकाळी उठून परक्या भाषेत बोलायचं, ज्यांच्यासाठी राबलो त्यांनीच दारात उभं ठेवायचं, तरी परत जायचं. मरायला एक दिवस लागला, हे बाकीचं वर्षानुवर्षं चाललं होतं.


तिरकस_आजोबा:

पापडीकर, हे झकास लिहिलंत. माझा मुद्दा मात्र कायम आहे. धर्मप्रसार करणाऱ्याचं कष्टाळू असणं हे त्याच्या धर्मप्रसाराचं समर्थन होत नाही, आमच्या इथला विमा एजंट पण फार कष्टाळू आहे.


युटाचा_घाटी:

आजोबा, हाहा. पण ती पोरं ते लपवत नाहीत हे पण बघा, छातीवर पाटीच लावलेली असते. मला खरं खटकतं ते वेगळंच, अठरा वर्षांच्या पोरावर इथे घरातून, नातेवाइकांतून, चर्चमधून जे दडपण असतं ते. मुलींना ऐच्छिक म्हणतात, मुलांना ऐच्छिक म्हणत नाहीत, कर्तव्य म्हणतात. काही पोरं तिकडे गेल्यावर खचतात, झोप उडते, डिप्रेशन येतं, मध्येच परत येतात. एअरपोर्टवर दोन वर्षं पुरी करून येणाऱ्याला फुगे आणि बॅनर असतात, आणि मध्येच आलेला मागच्या दाराने घरी येतो अशी गत. चर्च हल्ली सांगतं की असं वागवू नका, सल्लागार वगैरे पण देतात, घरीच राहून गावात सेवेचं काम करायचा पर्याय पण आहे. पण मावश्या-आत्यांची तोंडं कोण बंद करणार, ते जगात सगळीकडे सारखंच.

म्हणूनच सई ताई, बोलवा. धर्मावर एक अक्षर न बोलता घरचं जेवण मिळालं तर त्या पोराचा अख्खा आठवडा बरा जातो.


सई_आइची:

बापरे, एवढे प्रतिसाद! पापडीकर, गोन्सालो गार्सियांचं नाव कॉलेजचं म्हणून ऐकलं होतं, माणूस जपानात होता हे आत्ता कळलं. नवऱ्याला वाचून दाखवलं, तो म्हणे नागासाकीची ट्रिप काढूया.

युटावाले दादा, आता कामाचं सांगा. मेन्यू काय करू? गेल्या रविवारी पुन्हा दिसले, मी चहाला या म्हणाले तर दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि गोड हसून म्हणाले वेळ नाही. चहा चालत नाही का? आणि मी घरी एकटीच असते दुपारी, तेव्हा बोलावलं तर?


युटाचा_घाटी:

एकटी असताना अजिबात नको, त्यांनाच अडचण होईल. बाई एकटी असेल तर ते घरात पाऊलच टाकत नाहीत, दारातच उभे राहतील ओशाळून. नवरा घरी असेल अशी वेळ द्या, संध्याकाळची, आणि लवकरची, कारण नऊ-साडेनऊला त्यांना घरी पोचायचं असतं, तेही सायकलने.

चहा, कॉफी, दारू, सिगारेट चारही बंद, त्यांचा नियमच आहे. ग्रीन टी सुद्धा नाही, जपानात राहून! सातूचा तो जपानी 'मुगिचा' म्हणतात तो चालतो, तो खऱ्या चहात धरत नाहीत. तुम्ही ताक, कोकम सरबत, मसाला दूध काहीही द्या. मटण-चिकन सगळं खातात, उपासतापासाचं म्हणाल तर महिन्यातल्या पहिल्या रविवारी त्यांचा उपास असतो, तो तेवढा टाळा. प्रमाण मात्र दुप्पट धरा, दिवसभर सायकल मारलेली असते.


कोबे_काकू:

आणि जेवण झाल्यावर ते विचारतील की छोटा संदेश सांगू का. ऐकायचं असेल तर पाच मिनिटं ऐका, नसेल तर सरळ 'आज नको' म्हणा, इथे नको ऐकायची त्यांना इतकी सवय असते की वाईट वाटत नाही. मग ते विचारतील भांडी घासू का. त्याला हो म्हण, सई. मनापासून घासतात, आणि उपकार फेडल्यासारखं त्यांनाही बरं वाटतं.

मसुराची आमटी कर, ते पाकीट त्याने बहुतेक घेतलंच असेल, कृती पण कागदावर इंग्लिशमध्ये लिहून दे. फोडणीत मिरची एकच.


तिरकस_आजोबा:

दोन घाला. परीक्षा होऊन जाऊ दे श्रद्धेची.


सई_आइची:

हाहा आजोबा!! ठरलं, शनिवारी संध्याकाळी सहाला सांगते, नवऱ्याला सुट्टी आहे. मसुराची आमटी, भात, बटाट्याची भाजी, चिकन, पोळ्या जमल्या तर, आणि शिरा. सासूबाईंना फोनवर सांगितलं, मला वाटलं रागावतील, तर म्हणाल्या पोरांना तूप जास्त घाल. धाग्यावर कळवते काय झालं ते.